देवरीचं फूल, बोजोलेचं नाव
संपादकांनी विषय दिला बोजोले, म्हणजे फ्रान्सची हलकी, फळांच्या चवीची लाल वाइन. मी मात्र मोहाच्या हंगामात देवरी गाठली. बंदी सोसलेलं एक पेय तिथेही आहे, मोहाची दारू.

बोजोलेची कथा थोडक्यात अशी. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ साली गॅमे द्राक्ष हद्दपार केलं. ते दक्षिणेकडच्या टेकड्यांत रुजलं. तिथे अख्खे घड बंद टाकीत घालतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये फळ आतूनच आंबू लागतं, त्यामुळे तुरटपणा कमी आणि फळाचा गंध जास्त. ताजी ‘नूवो’ नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. बोजोले हे नाव आज कायद्याने राखलेलं आहे.

छत्तीसगडच्या सीमेलगतच्या देवरी तालुक्यात मोहफूल तोडत नाहीत, ते रात्रीतून आपणच गळतं. “वारा सुटला का सडा पडते,” टोपली सरकवत एक बाई म्हणाल्या. दोन बोटांनी एकेक मांसल फूल उचलायचं, कंबर वाकलेलीच. उजाडायच्या आत यावं तर अस्वलाची भीती, उशीर करावा तर गुरं फुलं खाऊन जातात. मग अंगणात वाळवण. मलईच्या रंगाचं फूल मनुक्यासारखं तपकिरी होतं. बाईंचा हात बोलतानाही थांबला नाही. मी वेचलेल्या फुलांत निम्मा पाचोळा होता.

तो पाचोळाच मोठी अडचण आहे. तो पेटवला की काळ्या जमिनीवर फुलं चटकन दिसतात, पण जाळ कधी जंगलात शिरतो. झाडाखाली जाळी बांधली तर आग टळते, फूलही स्वच्छ मिळतं. पण रानभर विखुरलेल्या झाडांना जाळ्या पुरवायच्या कुणी? वाळलेलं फूल दमट हवेत खराब होतं. कोरडी कोठी नाही आणि घरात पैशाची निकड, म्हणून हंगामातच माल व्यापाऱ्याकडे जातो.

त्यावर कायदा. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांवर खास कायदा आला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये फुलांच्या संकलनावरचे, वाहतुकीवरचे निर्बंध उठवले; भट्टी मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीच राहिली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसं मोहालाही मिळावं असं वाटतं. पण भट्टीचा परवाना ग्रामसभेच्या हाती नसेल, तर लेबलवर देवरी येईल आणि नफा बाहेरच्या कारखान्यात जाईल.