अश्मीभूत काष्ठ व त्याची साक्ष

ओढ्याकाठी वा माळावर कधी कधी असा दगड आढळतो की, दुरून पाहणारास तो लाकडाचा ओंडकाच वाटावा. गाठी व रेषा जागच्या जागी दिसतात. हात लावावा तर तो थंड व जड लागतो. ह्यास अश्मीभूत काष्ठ म्हणतात. शापाने झाडाचा दगड झाला, असे एखादे मूल सांगेल. त्यास न हसता खरे कारण समजावून द्यावे.

उघड्यावर पडलेले झाड कुजून जाते. परंतु ते गाळाखाली किंवा ज्वालामुखीच्या राखेखाली लवकर गाडले गेल्यास हवेअभावी कुजण्याची क्रिया मंदावते. गारगोटी ज्या द्रव्याची बनते ते सिलिका नावाचे द्रव्य भूजलात विरघळलेले असते. हे पाणी लाकडाच्या सूक्ष्म पेशींत झिरपते व सिलिका तेथे साचत जाते. कालांतराने लाकूड बहुतांशी नाहीसे होते. त्याची अंतर्रचना मात्र दगडात उरते. म्हणूनच त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तज्ज्ञांस झाडाचे कुळ ओळखता येते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. दोन थरांमधील शांततेच्या काळात तळी साचली, वनस्पती वाढल्या आणि त्यांचे अवशेष पुढील थराखाली झाकले गेले. नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान हे गाव अशा अवशेषांसाठी प्रसिद्ध असून वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी तेथील अवशेषांचा अभ्यास केला. तेथे नीपा ह्या ताडवर्गीय झाडाची अश्मीभूत फळे मिळाली. नीपा आज सुंदरबनासारख्या भरती-ओहोटीच्या चिखलात वाढते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भूमीवर त्या काळी खाडीचे पाणी जवळ असावे, असे अनुमान त्यावरून निघते.

आता विचार करावा की, हेच फळ कोणी हौसेने उचलून, स्थळाची नोंद न करता, शाळेच्या कपाटात ठेवले असते तर? दगड राहिला असता, पण खाडीची साक्ष नष्ट झाली असती. जीवाश्माचे अर्धे मोल त्याच्या जागेत असते.

शिक्षकांनी वर्गात सागाच्या व नारळाच्या खोडाचे आडवे काप दाखवावेत. सागात वाढीची वर्तुळे दिसतात. नारळात वर्तुळे नसून विखुरलेले ठिपके दिसतात. हाच भेद अश्मीभूत खोडांतही टिकून राहतो. सहलीत असा दगड आढळल्यास तो फोडू वा हलवू नये. मुलांकडून त्याचे चित्र काढून घ्यावे; गाव, शिवार व भोवतालचा खडक यांची नोंद करवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञानाच्या अध्यापकांस कळवावे. कपाटात दगडाऐवजी ही वही ठेवावी.