बिनदस्तऐवजाचे नाते

विवाहाची नोंद सरकारदप्तरी होते, रक्ताच्या नात्याला वारसाहक्काचे पाठबळ असते. मैत्रीच्या पदरी मात्र ना करारनामा, ना दस्तऐवज, आणि म्हणूनच चाळिशीच्या सुमारास संसार, नोकरी व कर्जाचे हप्ते यांच्या धबडग्यात पहिली गदा येते ती तिच्यावरच.

वस्तुतः मित्राची निकड प्रौढ वयातच अधिक. कारण घरी कर्तव्याचे आणि कचेरीत हुद्द्याचे जे दडपण जिभेवर असते, ते मित्रापाशी आपोआप उतरते. अशा मोकळेपणातून मतभेद झाले, तरी स्नेह उरू शकतो; टिळक-आगरकरांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. डेक्कन कॉलेजात जुळलेल्या या दोघा स्नेह्यांनी कोल्हापूर संस्थानाच्या प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यापायी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले; पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर वाटा फुटल्या, १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले आणि लेखणीवर लेखणी आदळू लागली; तरीही १८९५ साली आगरकर निवर्तले, तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. मतभेदाने मैत्री विदीर्ण होते. निःशेष होतेच असे नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या प्रदीर्घ संशोधनाचा निष्कर्षही मैत्रीच्या या निकडीला दुजोरा देणारा आहे: वार्धक्यातील आरोग्य आणि समाधान यांचा जिव्हाळ्याच्या नात्यांशी निकटचा संबंध असतो.

आपल्याला मधुमेह जडल्याचे लक्षात ठेवून, न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे सरकवणारा आणि वर ‘औषध घेतलंस का?’ म्हणून दरडावणारा एखादा जुना सोबती ज्याच्यापाशी आहे, त्याने त्या ठेवीची हयातभर निगराणी करावी. तिचे व्याज मोजता येत नाही.