घरांतील दुखणें आणि रात्रीची गोळी

पुण्यांत ‘येरवडा’ हा शब्द उच्चारला कीं मनापुढें दोन भिंती उभ्या राहतात. एक तुरुंगाची, जेथें १९३२ सालीं पुणें करार झाला. आणि दुसरी प्रादेशिक मनोरुग्णालयाची. ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांप्रमाणें हेंहि सरकारी असून त्याच्या मंजूर खाटा २५४० आहेत. कोणी जरा विचित्र वागला कीं ‘याला येरवड्याला धाडा’ असें हांसत म्हणण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. हें हांसूं वरवर निरुपद्रवी दिसतें. परंतु ज्या घरांत खरोखर असें दुखणें शिरतें तेथें त्याची लाज होते, लाजेपोटीं तें झांकलें जातें, आणि या झांकाझांकींत पहिला बळी पडतो तो औषधाचा. म्हणूनच त्या औषधाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एके काळीं अशा रुग्णालयांचा मुख्य आधार म्हणजे भिंत आणि कुलूप. १९५२ सालीं पॅरिस येथील सेंत आन रुग्णालयांत दले व दनिकेर या डॉक्टरांनीं क्लोरप्रोमझिन हें औषध रुग्णांस दिलें, आणि भास व भ्रम औषधानें ओसरतात हें जगास दिसलें. त्यानंतर हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशीं अनेक औषधें आलीं. डॉक्टर त्यांस ‘ॲंटिसायकॉटिक’ म्हणतात. मेंदूंतील डोपामिन नांवाच्या द्रव्याचा अतिरेकी प्रभाव तीं आवरतात. दुखणें आटोक्यांत राहतें. तें समूळ गेलेंच असें मात्र समजूं नये. एवढी एक गोष्ट घरांत सर्वांस उमजली तर निम्मे अनर्थ टळतील.

कारण खरा धोका बरें वाटूं लागल्यावरच येतो. मुलगा शांत झोपतो, वेळेवर जेवतो, कचेरींत जातो. मग आत्या किंवा काकू कळवळ्यानें म्हणते, ‘आतां कशाला त्याच्या पोटांत रोज तें विष घालतां?’ मुलीचें लग्न ठरत असलें तर गोळ्या कपाटांत दडविल्या जातात, आणि सासरीं गेल्यावर त्या घेणेंच खुंटतें. गोळी बंद केल्याबरोबर दुखणें परततेंच असें नाहीं. पुष्कळदां महिने लोटतात, आणि घराला वाटतें, आपणच शहाणे ठरलों. परंतु उलटण्याचा संभव तेवढ्यांत अनेक पटींनीं वाढलेला असतो. मात्रा कमी करावयाची तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हळूहळू करावी. मुलीला दिवस राहिले तरीहि घाबरून गोळी परस्पर बंद न करतां तत्काळ त्यांचा सल्ला घ्यावा.

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, त्यामुळें औषध एकदां आजी देते, पुन्हां वहिनी देते, किंवा कोणीच देत नाहीं. हें काम एकाच विश्वासू माणसाकडे असावें, आणि दिलेल्या गोळीची वहींत तारीखवार नोंद ठेवावी. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट देऊं नये. आमटींत किंवा दुधांत गोळी चोरून मिसळण्याची युक्ति आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. आपल्या अन्नांत कोणी विष घालतो असा ज्यास भ्रम आहे, त्याला ती युक्ति कळली तर त्याच्या भ्रमास आपणच पुरावा दिला असें होतें! मनःस्वास्थ्याचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आहे. तोहि रुग्णाची संमति महत्त्वाची मानतो.

औषधाचे दुष्परिणामहि ओळखतां आले पाहिजेत. आरंभीच्या दिवसांत मान वांकडी होते, डोळे वर फिरतात, तेव्हां वडील मंडळींस बाधा झाल्यासारखें वाटतें. ती बाधा नव्हे. वेळीं इंजेक्शन मिळाल्यास हा परिणाम लवकर उतरतो. एका जागीं बसवत नाहीं, सारख्या येरझारा चालतात, हेंहि पुष्कळदां औषधामुळेंच होतें. वेड वाढलें समजून गोळी वाढवूं नये. मात्र ताप, लांकडासारखें ताठ झालेलें अंग, घाम व हरपलेलें भान हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर पुढील गोळी न देतां थेट रुग्णालय गांठावें. ओलान्झापिनसारख्या औषधांनीं वजन व रक्तांतील साखर वाढते, म्हणून दोहोंची तपासणी ठराविक काळानें करवावी.

क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी क्वचित् धोकादायक रीतीनें घटतात. म्हणून आरंभीं दर आठवड्यास रक्त तपासण्याची रूढ पद्धति आहे. घसा दुखून ताप आला तर तपासणी त्याच दिवशीं व्हावी. बद्धकोष्ठहि या औषधांत क्षुल्लक मानूं नये. सिगारेट एकाएकीं सोडल्यास रक्तांत या औषधाचें प्रमाण वाढतें. तेव्हां ती सोडण्यापूर्वीं डॉक्टरांस सांगावें. सर्पगंधा रक्तदाब उतरविते, म्हणून तिच्यासारखी वनस्पति डॉक्टरांस न विचारतां जोडीस देऊं नये. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांस दुसऱ्याची गोळी ‘शांत झोपतील’ म्हणून कधींहि देऊं नये. अशा वृद्धांत या औषधांनीं मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं २००५ सालीं दिला आहे.

हें सारें वाचून कोणी भिऊं नये. मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांदेखत घेतों. या गोळीलाच अंधार कां हवा? शंका असल्यास १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विचारतां येतें. रुग्णास समोर बसवून, त्याचे त्रास ऐकून, त्याच्याशीं विचार करूनच औषधाचा क्रम ठरवावा. अनेक डोळे आणि अनेक हात ही एकत्र कुटुंबाची मोठी संपत्ति होय. ती लपविण्यांत न दवडतां राखणींत लावावी, एवढेंच आमचें मागणें आहे.