‘पुत्र’ या एका शब्दावरून कलकत्त्यात पेटलेला वाद

1878 मध्ये रमाबाई डोंगरे भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याच मुक्कामात त्यांना एका ख्रिस्ती मेळाव्याचं बोलावणं आलं, हे सहसा वाचलेलं नसतं. तिथे लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून बसले होते. ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करतात, असं या बहीणभावांना वाटलं. तिथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. रमाबाईंनी ते उघडून पाहिलं, पण भाषा संस्कृत असूनही त्यातलं काही उलगडेना.

आपल्या वाचकाची खरी अडचण जरा वेगळी असते. ‘देवाचा पुत्र’ म्हटलं की त्याला ते लगेच कळतं. गणपती शंकराचा, भीम वायूचा, कर्ण सूर्याचा; देवाला मुलगा असण्यात नवल ते काय? बायबलमधल्या ‘पुत्र’ शब्दाचा अर्थ मात्र या वाटेने हाती लागत नाही.

जुन्या करारातला पुत्र

हिब्रू ग्रंथांत हा शब्द जन्माच्या नात्यापेक्षा निवडीचं आणि जबाबदारीचं नातं सांगतो. निर्गमाच्या चौथ्या अध्यायात देव मोशेकरवी फारोला बजावतो की इस्राएल हे राष्ट्र माझा थोरला मुलगा आहे, त्याला सोड. दुसऱ्या शमुवेलाच्या सातव्या अध्यायात दाविदाच्या वंशातल्या राजाला देव मुलगा मानतो. दुसऱ्या स्तोत्रातही राजाला तोच मान मिळतो. ईयोबाच्या पुस्तकात स्वर्गीय दूतांनाही हे नाव आहे. म्हणजे येशूच्या आधी हा शब्द राष्ट्राला, राजाला आणि देवदूतांना लागून गेला होता.

नव्या करारात काय बदललं

मार्कच्या शुभवर्तमानात यार्देन नदीत बाप्तिस्मा होताना आकाशवाणी येशूला प्रिय पुत्र म्हणते, आणि शेवटी क्रुसापाशी उभा असलेला रोमी शताधिपती तीच कबुली देतो. गेथशेमाने बागेत येशू देवाला ‘अब्बा’ अशी हाक मारतो. हा घरातला अरामी शब्द आहे. योहान त्याच्याही पुढे जातो. त्याचा पुत्र जगाच्या आधीपासून आहे, आणि तो एकुलता एक आहे.

पण त्याच योहानात पिता माझ्याहून थोर आहे असंही येशू म्हणतो. पौल तर हे पुत्रत्व सगळ्या विश्वासणाऱ्यांना देऊ करतो, तेही दत्तकाच्या रूपकातून. दत्तकाला वारसाहक्क मिळतो हे मराठी घराला वेगळं समजावून सांगायला नको. मग येशू कोणत्या अर्थाने पुत्र, आणि बाकीचे कोणत्या? चर्चने 325 मध्ये निकेयाच्या परिषदेत उत्तर दिलं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्यापासून जन्मलेला आहे आणि तत्त्वाने पित्याशी एकच आहे. पुत्र ही देवाची पहिली निर्मिती आहे, असं म्हणणाऱ्या एरियसचं मत तिथे फेटाळलं गेलं.

राममोहन विरुद्ध श्रीरामपूर

हाच वाद पंधराशे वर्षांनी हुगळीकाठी पुन्हा उभा राहिला. 1820 मध्ये राममोहन रॉय यांनी शुभवर्तमानांतली येशूची वचनं निवडून एक इंग्रजी पुस्तक काढलं. चमत्कार आणि सिद्धान्ताचा भाग त्यांनी जवळजवळ सगळा वगळला. छापलं कुठे, तर कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनच्या छापखान्यात! येशूची स्तुती करणारं हे पुस्तक पाहून मिशनरी खूश होतील असं कोणालाही वाटलं असतं. झालं उलटं. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या नियतकालिकातून तुटून पडले. पुत्राचं देवत्व काढून घेतलं तर उरतो तो नुसता एक भला गुरू, आणि पापक्षमेचा सगळा आधारच जातो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

राममोहनांनी एकामागून एक तीन उत्तरं लिहिली. त्यासाठी ते ग्रीक आणि हिब्रू शिकले. त्यांचा नेमका मुद्दा योहानातूनच येतो. येशू म्हणतो, मी आणि पिता एक आहोत; पण सतराव्या अध्यायात तो शिष्यांसाठीही तशीच एकता मागतो. शिष्य काही देव होत नाहीत. म्हणजे हे ऐक्य इच्छेचं आणि आज्ञापालनाचं आहे, तत्त्वाचं नाही. माझ्या मते मार्शमनना हा मुद्दा पुरता खोडता आला नाही. मात्र पुत्राला जगाच्या आधीपासून मानणाऱ्या योहानाच्या पहिल्या अध्यायापुढे राममोहनांचीही दमछाक होते. तिसरं उत्तर छापायला बॅप्टिस्ट छापखान्याने नकार दिला. तेव्हा राममोहनांनी धर्मतल्ल्यात स्वतःचा छापखाना उभा केला आणि 1823 मध्ये ते पुस्तक काढलं.

एका शब्दयोगी अव्ययाची करामत

दरम्यान राममोहन आणि विल्यम येट्स व विल्यम ॲडम हे दोन बॅप्टिस्ट मिशनरी मिळून शुभवर्तमानांचं बंगाली भाषांतर करत होते. योहानाच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनात गाडं अडलं. सगळं त्याच्याकडून झालं की त्याच्याद्वारे? ग्रीक ‘डिआ’चा अर्थ ‘द्वारे’ होतो. पण तसं लिहिलं की पुत्र कर्ता राहत नाही, निव्वळ माध्यम होतो. येट्स बिचकले आणि बाजूला झाले. ॲडम मात्र राममोहनांच्या बाजूला गेले. 1821 मध्ये त्यांनी एकेश्वरी मत जाहीर केलं आणि कलकत्त्यात युनिटेरियन समिती स्थापन झाली. राममोहनांना ख्रिस्ती करायचं सोडून हा गडी स्वतःच बदलला, म्हणून सनातनी ख्रिस्ती गोटात त्याला ‘दुसरा पतित आदाम’ म्हणू लागले.

सत्, चित्, आनंद

ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन साठ वर्षांनी वेगळ्या वाटेने गेले. 1882 च्या त्रैक्यावरच्या व्याख्यानात त्यांनी पिता, पुत्र आणि आत्मा यांना सत्, चित्, आनंद यांच्याशी जोडलं. त्यांच्या लेखी ख्रिस्त म्हणजे स्वतःला पुरतं रिकामं केल्यामुळे ज्याच्यातून देव आरपार दिसतो असा माणूस. हीच जोडणी ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी कॅथलिक चौकटीत नेली. 1898 च्या त्यांच्या संस्कृत स्तोत्रात सच्चिदानंदाला वंदन आहे आणि चित् हा पुत्र आहे. ‘चित्’ म्हटलं की बाप आणि मूल यांच्यातलं आधी-नंतर गळून पडतं, हा या शब्दाचा मोठा फायदा. तोटा असा की बागेत ‘अब्बा’ म्हणून हाक मारणारा माणूसही त्यात हरवतो.

रमाबाई पुन्हा

याच केशवचंद्रांनी रमाबाईंना वेद वाचायला दिले होते. पुढे लग्नानंतर सिल्चरला घरातच त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न मिटला नव्हता. त्यानंतरच्या पत्रांत त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि इंग्लिश शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी याच मुद्द्यावर वाद घालताना दिसतात. त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व त्यांना पटत नव्हतं, आणि केवळ चर्च सांगतं म्हणून ते मान्य करायला त्या तयार नव्हत्या. त्या पत्रांत ब्राह्मो कलकत्त्याचा सूर ऐकू येतो. ख्रिस्तावरची पूर्ण श्रद्धा त्यांना पुढे कित्येक वर्षांनी, स्वतःच्या वाटेने गवसली.

त्यानंतर त्याही ग्रीक आणि हिब्रूकडे वळल्या, पण वादासाठी नव्हे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ भाषांवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. बायकांनी चालवलेल्या तिथल्याच छापखान्यातून ते बायबल त्यांच्या पश्चात बाहेर पडलं.