संसार वाढतो, घर कसं वाढणार?

मैत्रिणींनो, आमच्या छत्रपती संभाजीनगरात (तुमच्या-माझ्या तोंडी अजून औरंगाबादच!) सिडकोच्या कुठल्याही 'एन' सेक्टरमधून चक्कर मारा. सत्तरच्या दशकापासून सिडकोने इथे हजारो लहान घरं बांधली. आज मूळ रूपातलं घर शोधावं लागतं. कुणी अंगणात खोली काढली, कुणी वर मजला चढवला, तर कुणी जिना बाहेरून घेऊन खाली भाडेकरू ठेवला. मुलाचं लग्न ठरलं की आधी गवंड्याला निरोप जातो, ही आपली रीतच आहे.

यात वावगं काहीच नाही. पण खालचा पाया वरच्या मजल्याचं ओझं पेलेल का, हे किती जणी विचारतात? भिंतीला तडे गेले, स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागला, की त्याचा त्रास दिवसभर घरात असणाऱ्या बाईलाच!

म्हणूनच पुण्यातल्या येरवड्याचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून 2009च्या सुमारास तिथल्या झोपडपट्ट्यांत घरं बांधायचं ठरलं. 'स्पार्क' ही संस्था आणि 'महिला मिलन'च्या बायका पुढे झाल्या. पुण्याचे वास्तुविशारद प्रसन्न देसाई आणि परदेशातून आलेले दोन तरुण वास्तुविशारद सोबतीला होते. सगळी वस्ती पाडून टॉवर उभारायचा नाही, असं ठरलं. पक्की घरं तशीच ठेवायची, फक्त कच्ची पाडायची आणि त्याच जागी नवी बांधायची. शेजार मोडला नाही, गल्ली तीच राहिली. धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामाची घरं सोडून गावाबाहेर जावं लागलं नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

घर सुमारे 270 चौरस फुटांचं. खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाने द्यायचा, बाकीचा सरकार आणि महापालिकेचा. नमुने तीन. एकात दोन मजले, पण पाया तिसरा मजला पेलेल असा. दुसऱ्यात खालची जागा खांबांवर मोकळी, हातगाडी लावा नाहीतर दुकान थाटा. तिसऱ्यात मधला मजला रिकामा सोडलेला, पैसे जमले की भिंती घालून घ्यायच्या. म्हणजे उद्याची खोली आजच्याच नकाशात! ज्यांची जागा फारच अपुरी होती, अशा काही कुटुंबांनी एकत्र येऊन सामाईक जिन्याची इमारत घेतली.

महिला मिलनच्या बायकांना हे नवं नव्हतं. मुंबईत भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 1986 साली ही संघटना उभी केली. कागदावरचा नकाशा सगळ्यांनाच कुठे कळतो? मग त्या खऱ्या मापाचं घर बांबू आणि कापडाचं उभं करायच्या. आत शिरून बघायचं, ओटा कुठे, झोपायचं कुठे. छत उंच हवं, म्हणजे पोटमाळा काढता येईल, ही मागणी त्यांचीच. शिकल्यासवरल्या आपण मात्र बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकावर भुलतो!

तुमच्या गावात हे कसं जमेल? आपल्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्या गरजू कुटुंबाला शहरी प्रधानमंत्री आवास योजनेतून अडीच लाखांची मदत मिळते. ती एकरकमी नाही, बांधकाम पुढे जाईल तशी हप्त्याने येते. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करावं लागतं. अर्जाची चौकशी नगरपालिकेतच करा, एजंटाच्या नादी लागू नका.

आणि पाया खणण्याआधी इंजिनिअरला स्पष्ट सांगा, "पुढे वर एक मजला घ्यायचाय." खांबांची जाडी, गज किती आणि कसे, हे तेव्हाच ठरतं. जिना बाहेरून काढला तर वरची खोली भाड्यानेही देता येते. संडास-न्हाणीघर खालीच ठेवा, सासूबाईंना जिना चढायला नको. दाराशी पायरीऐवजी उतार काढता आला तर उत्तमच. शेजारची भिंत उद्या उंच होणार हे धरून खिडकी गल्लीच्या बाजूला घ्या. नकाशा कळत नसेल तर अंगणात चुन्याने खोल्या आखा आणि ओट्यापाशी स्वतः उभ्या राहून बघा.