बिबट्याच्या मुलखात कोणतं पुस्तक?

मुलांच्या पुस्तकावर वयोगट छापलेला असतो. जुन्नर-आंबेगावात मात्र मूल कितवीत आहे याआधी ते कुठे राहतं आणि कशाला घाबरतं, हे विचारावं लागतं.

उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना दिवेलागणीला ‘घरात या’ ही हाक रोज ऐकू येते. बिबट्याला राक्षस करणारी गोष्ट त्यांची भीती वाढवते, गोंडस छाव्याची गोष्ट त्यांना पटत नाही. त्यांना ‘आजोबा’ची खरी हकिगत सांगावी. टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला हा बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात त्याच्या गळ्यातल्या माग काढणाऱ्या पट्ट्याने दाखवलं, की तो चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत गावं लागली, पण तो आपल्या वाटेने गेला. भीतीवर माहितीचा असा उतारा पडतो.

पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी. तीन ते सहा वर्षांसाठी तिथे माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ उत्तम. त्यात मजकूर नाही, त्यामुळे मूल आपल्या बोलीत गोष्ट रचतं आणि चुकत नाही. त्यानंतर त्यांचंच ‘राधाचं घर’ मोठ्याने वाचून दाखवावं.

ऊसतोडीमुळे शाळा बुडालेलं बारा वर्षांचं मूल कधी दुसरीचा मजकूर कसाबसा वाचतं. त्याला बाळबोध गोष्ट दिली तर तो अपमान होतो. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मोफत पुस्तकं वाचनाच्या चार पातळ्यांत मिळतात. तिथून भाषा सोपी घ्यावी, विषय मात्र त्याच्या वयाचा: यंत्रं, प्राणी, आकाश. खोडद परिसरातल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणींपैकी काही पाहिलेल्या मुलाच्या हाती पुढे जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा द्याव्यात. नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकांच्या घरी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ शोभेल. ज्याला नुसती धावपळ हवी, त्याला फुरसुंगीचा फास्टर फेणे आहेच.

दुःखासाठी पुस्तक निवडणं सगळ्यात अवघड. जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. विस्थापितांच्या नातवंडांना ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’मध्ये धरणात जाणारं गाव एका मुलाच्या नजरेने दिसेल. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ तेराव्या-चौदाव्या वर्षी द्यावं. जिवापाड वाढवलेलं पाडस पीक खातं तेव्हा घरावर काय वेळ येते, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. पण ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, तशा घावानंतर लगेच दरडीचं पुस्तक पुढे करू नये. आधी हसवणारी, रोजच्या घरातली गोष्ट शेजारी बसून वाचावी. घावाचा विषय मुलाने काढला, की मग.

म्हणून शाळेच्या वाचनपेटीवर इयत्तेची चिठ्ठी नको. पेटी उघडी ठेवावी, न आवडलेलं पुस्तक अर्ध्यात परत करू द्यावं, आणि ते का सोडलं हे नोंदवून ठेवावं. पुढचं पुस्तक निवडताना शिक्षकाला त्या नोंदीचाच सर्वाधिक उपयोग होतो.