घाटात भिजा, पण घसरू नका!

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, 'रविवारी ताम्हिणी?' दोन मिनिटांत आठ अंगठे वर. मिसळ कुठे खायची, कोणत्या धबधब्यावर थांबायचं, पेट्रोलचे पैसे कोण काढणार, सगळं ठरतं. टायर कसे आहेत, हे मात्र कुणीच विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्हीही नव्हतं विचारलं.

पाच बाइक, नऊ जण. माणगावकडे उतरताना सगळ्यात मागचा, एकटाच असलेला मित्र एका वळणावर घसरला. पुढे गेलेल्या आम्हाला पत्ताच नाही. घाटात रेंज नव्हती. खाली टपरीवर चहा सांगितला तेव्हा लक्षात आलं, एक जण कमी आहे. परत वर गेलो, तर तो कडेला मनगट धरून बसला होता. हाड मोडलं होतं. हेल्मेटवर खरचटल्याची वीतभर रेघ होती. मागचा टायर पाहिला, तर पार गोटा झालेला.

म्हणून यंदा बॅग भरण्याआधी एवढं वाचाच.

आधी गाडी बघा
टायरवरच्या खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला सारतात. त्या झिजल्या की रबर आणि रस्ता यांच्यात पाणीच उरतं. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' अशी खूण असते. तिच्या रेषेत खाचेच्या तळाशी छोटा उंचवटा दिसेल. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला असेल, तर तो बदलायचाच. ब्रेक, हेडलाइट आणि मागचा लाल दिवाही तपासा. पावसात तुम्हाला दिसणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तुम्ही इतरांना दिसणंही. काळा रेनकोट झकास दिसतो, पण धुक्यात तो दिसतच नाही!

पहिली सर फसवी
उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, धूळ आणि रबराची भुकटी पहिल्या सरीत वर येते आणि रस्त्याचा साबण होतो. पाऊस सुरू झाला की थोडा वेळ आडोशाला थांबा. एरवीही झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची झाकणं, रेल्वेचे रूळ आणि ओला पाला यांवर ब्रेक दाबू नका, गाडी तिरकी करू नका.

थोडं गणित
ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एवढं अंतर जातं. त्यात वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणजे कोरड्या दिवसाचा वेग पावसात चालणार नाही. ब्रेक दोन्ही वापरा, पण झटका न देता, हळूहळू दाबत. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. गोट्या टायरला ते पकड कुठून आणून देणार?

घाट उतरताना
ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. क्लच दाबून किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायच्या भानगडीत पडू नका. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा.

मागे बसणाऱ्यांनो
चालत्या बाइकवर छत्री उघडायची नाही म्हणजे नाही. वाऱ्याने छत्री उलटते आणि माणसाला ओढून नेते. ओढणी, पोंचोची टोकं चाकात जाणार नाहीत अशी खोचून बसा. आणि हेल्मेट दोघांनाही हवं. आयएसआय खुणेचं, बक्कल लावलेलं.

पुलावरून पाणी असेल तर
२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या चालकांना पूल पडल्याचं अंधारात दिसलंही नसेल. तुम्हाला समोर पाणी दिसतंय. तरी 'जाऊ रे, घोट्याएवढंच आहे' म्हणून गाडी घालणार? पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हे वरून कळत नाही. मागे फिरण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि ग्रुपसाठी एक नियम
सगळ्यात अनुभवी रायडर शेवटी ठेवा. प्रत्येकाने आरशात मागची बाइक बघत राहायची. ती दिसेनाशी झाली, की सुरक्षित जागा पाहून थांबायचं. थांबायची ठिकाणं निघण्याआधीच ठरवा. वाटेत अनोळखी कुणी पडलेलं दिसलं तरी पुढे जाऊ नका. ११२ किंवा १०८ ला फोन करा. पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाच मदत करणाऱ्याला संरक्षण देतो.

त्या मित्राचं प्लास्टर दीड महिन्याने निघालं. यंदा ग्रुपवर पहिला मेसेज त्याचाच आला, 'ताम्हिणी?' त्याखाली लगेच दुसरा, 'आधी सगळ्यांनी टायरचे फोटो टाका.'

तुम्हीही टाका. आणि घरी पोहोचलात की रीळ नंतर, आधी 'पोहोचलो' एवढा मेसेज करा. त्याची वाट बघत कुणीतरी जागं असतं.